जेमर्सनला नोटेशन येत नव्हतं? साफ खोटं

डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचा बास गिटारवादक जेम्स जेमर्सन याच्याबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो: संगीत न शिकलेला, नोटेशन (संगीताची स्वरलिपी) न येणारा, एका बोटाने वाजवणारा, आणि गायक मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गाण्याचा बास दारूच्या नशेत जमिनीवर पडून सुचेल तसा वाजवणारा अवलिया.

आधी जमिनीची गोष्ट. त्याला क्लबमधून शोधून आणलं, स्टुलावर धड बसता येईना म्हणून तो पाठीवर झोपून वाजवत होता, असं सांगतात. दारूचं व्यसन तर होतंच. पण गाण्याचा अरेंजर, म्हणजे वाद्यांचे भाग लिहिणारा, डेव्हिड व्हॅन डीपिटने सांगून ठेवलंय की बासचा भाग त्यानेच लिहिला होता, खास जेमर्सनच्या ढंगात, आणि जेमर्सनने तो जसाच्या तसा वाचून वाजवला. नोटेशन न येणाऱ्या माणसाला हे जमेल?

‘न शिकलेला’ हेही चूक. साउथ कॅरोलायनातून १९५४ साली डेट्रॉइटला आल्यावर तो शाळेत डबल बास (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) शिकला, जॅझ क्लबांत वाजवू लागला, मग १९५९ च्या सुमारास मोटाऊनच्या स्टुडिओत पोचला. तिथे अनेकदा समोर नुसते कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) लिहिलेला कागद असे, बाकीची रचना त्याची स्वतःची.

एक बोट मात्र खरं. उजव्या हाताची तर्जनी, डबल बासवरची सवय. पण डावा हात ऐका! स्टीव्ही वंडरचं ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ लावा आणि फक्त बासवर कान ठेवा. मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या तारा मध्येच वाजतात, कॉर्डबाहेरचे अर्धस्वर क्षणभर डोकावून पुढच्या स्वरात मिसळतात, जोर मात्रेच्या आधी-नंतर पडतो. एवढं सगळं करूनही तो गायकाच्या वाटेत येत नाही. हे नशेत आपोआप होत नसतं.

तारा न बदलणं हा आळस, असंही म्हणतात. त्याच्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बास गिटारवर जाड, सपाट गुंडाळीच्या तारा होत्या आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. त्याला हवा होता तो आखूड, भरीव, डबल बासकडे झुकणारा आवाज जुन्या तारांतूनच निघायचा.

आणि ‘प्रसिद्धी नको होती म्हणून अनाम राहिला’? या दाव्याचा मला सगळ्यात राग येतो. १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमपर्यंत मोटाऊन कव्हरवर वादकांची नावंच छापत नसे. १९८३ साली मोटाऊनच्या पंचविशीच्या सोहळ्याचं त्याला आमंत्रणही नव्हतं. तो तिकीट काढून गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ४७ व्या वर्षी तो वारला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी वेगळा विभाग काढून त्याला घेतलं ते २००० साली.