पंक्चररोधक टायर आणि ‘बैलगाडी’चा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरू लागतो: “पंक्चररोधक टायर घालू नका, सायकलची बैलगाडी होते. वेग हवा तर पातळ टायर घ्या, 120 पीएसआय हवा ठासा, आणि भीती वाटत असेल तर आत लायनर टाका.” (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, लायनर म्हणजे टायर आणि ट्यूबच्या मध्ये सरकवायची प्लॅस्टिकची पट्टी.) यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाचं त्याच आठवड्यात माजिवड्याच्या पुलाखाली पंक्चर झालं होतं, पण ते असो.

आधी बैलगाडी. ही तक्रार अगदीच हवेतली नाही. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरमध्ये नक्षीखाली 5 मिमी जाडीचा रबरी थर असतो, आणि तो टायर जड चालतो हे पायांना कळतं. टायर जमिनीला टेकतो तिथे चेपतो, पुढे सरकला की सुटतो. या चेपण्या-सुटण्यात रबर तुमच्या पायांची थोडी शक्ती उष्णता करून उडवतं. रबर जितकं जाड आणि ताठर, तितकी उधळपट्टी जास्त. मात्र पंक्चररोधक म्हणजे जाडच, हे कुणी ठरवलं? कॉन्टिनेन्टलच्या जीपी 5000 या शर्यतीच्या टायरमध्येही व्हेक्ट्रन या मजबूत धाग्यांची, काटे-काच अडवणारी पातळ पट्टी असते. मेसेजवाल्याने एका टोकाचा टायर पाहून सगळ्या जातीला नाव ठेवलंय.

आकडे मांडूनच बघा. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो, सपाट रस्ता, वारा नाही, वेग ताशी 25. चपळ टायरचा रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणाऱ्या रोधाचा गुणांक) 0.004 धरला, पट्टीवाल्या मधल्या टायरचा 0.005 आणि जाड थराच्या चिलखती टायरचा 0.007. पायांचा जोर तोच ठेवला तर मधल्या टायरवर वेग 24.4 च्या आसपास येतो, चिलखतीवर 23.3. म्हणजे 20 किलोमीटरला मधला टायर मिनिटभर खातो आणि चिलखती साडेतीन मिनिटं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली, ओल्या कपड्यांत, काळ्या हातांनी ट्यूब बदलायला किती वेळ लागतो ते ज्याचं त्याने आठवावं. माझा 20 मिनिटांच्या खाली कधी आलेला नाही.

वजनाचं भूत तर याहून किरकोळ. दोन्ही टायर मिळून 600 ग्रॅम वाढले, तर येऊरच्या 20 मिनिटांच्या चढाला आठ-नऊ सेकंद जास्त लागतील. सिग्नलवरून सुटताना थोडं जाणवेल, तेवढंच.

आता 120 पीएसआय. ही सगळ्यात महागात पडणारी सूचना आहे. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर घट्ट टायर चालेलही. घोडबंदर रोडवरच्या पॅचवर्कवर तो उसळतो, आणि उसळण्यात गेलेली शक्ती पुढे नेत नाही, कंबरेत जाते. शिवाय ताणलेला टायर काचेच्या टोकावर वाकून बसत नाही, थेट चिरला जातो. मी 28 मिमीच्या टायरमध्ये पुढे 65 आणि मागे 75 ठेवतो. वजन माझं 72 किलो, तुमचं वेगळं असेल तर आकडे हलवा. मात्र फार कमी हवाही नको. खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमला चिमटली की साप चावल्यासारखी दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात, आणि तिथे कुठलीच पट्टी कामाला येत नाही.

लायनरवर मी स्वतः विश्वास ठेवला होता. प्लॅस्टिकची ती पट्टी आत सरकते, आणि तिच्या टोकाची धार ट्यूब घासत राहते. ऐरोलीच्या पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “काटा नाही साहेब, हे तुमच्याच पट्टीने केलंय.” तेव्हापासून ती पट्टी माळ्यावर आहे.

मेसेजात नसलेली गोष्ट म्हणजे आपल्याकडची पंक्चरं येतात कुठून. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांचे तुकडे पडलेले असतात. त्यांच्यातली पोलादी तार केसासारखी बारीक असते, टायरमध्ये शिरते आणि डोळ्यांना दिसत नाही. नवी ट्यूब घातली की तीच तार पुन्हा टोचते, मग लोक टायरला शिव्या घालतात. पावसात पाणी रबराला वंगण पुरवतं, त्यामुळे काचही सहज आत जाते. म्हणून टायर बसवताना त्याचं छापील नाव व्हॉल्वच्या समोर आणा. पंक्चर झालं की ट्यूबवरच्या भोकाचं अंतर व्हॉल्वपासून मोजा, टायरवर तेवढ्याच अंतरावर आतून कापूस फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे तार.

मागच्या चाकावर भार जास्त आणि पंक्चरंही जास्त. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत माझ्या सायकलला मागे पट्टीवाला 32 चा टायर असतो आणि पुढे हलका 28 चा. ऑफिसला मी पोहोचतो पूर्वीच्याच वेळेला, फक्त हात स्वच्छ असतात.