भाजलं की जातं सगळं?
शेंगदाणे, मका यांना लागणाऱ्या बुरशीतून तयार होणाऱ्या विषावर, म्हणजे अफ्लाटॉक्सिनवर, विद्यापीठांत चाललेलं संशोधन तुमच्या लेखात छान मांडलंय, पण हा विषय फक्त निर्यातीच्या मालाचा नाही हो. आमच्या लालबागच्या चाळीत जुलैत दाण्यांचा डबा उघडला की तळाशी दोन-चार हिरवट, सुरकुतलेले दाणे निघतातच. आई म्हणायची, "भाजलं की जातं सगळं." बुरशी मरते, विष बऱ्यापैकी उरतं! १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते हेच विष असलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने. १९७४ मध्ये आपल्याकडे राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराच्या आसपास माणसं दगावली. लेखातलं नवं वाण वगैरे ठीक, पण शेंगा नीट वाळवायला शेतकऱ्याकडे कोरडी जागा कुठाय? त्यावर लेखात जेमतेम एक ओळ. आणि वाण्याकडचं आयतं कूट मी तरी घेत नाही. त्यात कुजका दाणा दिसणार कसा?