फेराइटच्या ‘एक लाख’ डायइलेक्ट्रिक स्थिरांकाबद्दल खुलासा

‘मँगनीज-झिंक फेराइटचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक लाखाच्या घरात असतो, म्हणजे कपॅसिटरसाठी तो उत्तम,’ असा दावा फिरतो आहे. (फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेले चुंबकीय सिरॅमिक; डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणजे पदार्थ विद्युतभार साठवायला किती मदत करतो त्याचे माप.) आकडा खोटा नाही, अर्धवट आहे. तो किलोहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे कमी वारंवारतेला मोजलेला असतो. या फेराइटचे कण आतून बऱ्यापैकी वाहक असतात, कारण लोहाच्या फेरस आणि फेरिक आयनांमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारतात. कणांमधल्या सीमा मात्र पातळ आणि रोधक. विद्युतभार तिथे अडून साचतो, म्हणून स्थिरांक फुगलेला दिसतो. संशोधक कूप्स यांनी १९५१ मध्ये निकेल-झिंक फेराइटसाठी हेच स्पष्टीकरण दिले होते. वारंवारता वाढवली की आकडा कोसळतो. शिवाय ऊर्जेचा ऱ्हासही मोठा. असला कपॅसिटर तापणारच! याच सीमा ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात मात्र हव्याशा असतात. त्या एडी करंट (गाभ्यात फिरून ऊर्जा वाया घालवणारे प्रवाह) रोखतात, म्हणून कॅल्शियम आणि सिलिकाची किंचित भर मुद्दाम घालतात.