शेंड्याची छोटी पानं खुडायची म्हणे!

तो मेसेज परत फिरतोय: "पान म्हणजे सोलर पॅनल, जेवढं मोठं तेवढं ऊन जास्त. झुडपाच्या शेंड्याची पानं खालच्यापेक्षा लहान असतील तर झाड उपाशी आहे, ती खुडून टाका." अहो थांबा, कात्री खाली ठेवा आधी.

पहिलं म्हणजे शेंड्याला ऊन कमी नसतंच, उलट जास्त होतं. बऱ्याच झुडपांचं पान भर उन्हाचा पाव ते निम्मा हिस्साच कामाला लावतं, उरलेलं नुसतं तापवतं. मग तिथं पान मोठं करून मिळणार काय? लहान किंवा कातरलेल्या पानावरची उष्णता वारा चटकन नेतो, मोठ्या पानाला मात्र हवेचा जाड थर चिकटून बसतो आणि ते तापत राहतं. आणि लहान म्हणजे दुबळं असंही नाही, उन्हातलं पान जाड असतं, आतल्या हिरव्या पेशींचे थर जास्त. खालचं मोठं पण पातळ, कमी उजेडात भागवणारं.

आता सावली, हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. सूर्य काही बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे पानाची गडद सावली त्याच्या रुंदीच्या साधारण १०० पटींवर संपते. पान १ सेंटिमीटर रुंद असेल तर मीटरभर खाली नुसतं धूसर, आणि १० सेंटिमीटरचं असेल तर १० मीटर, म्हणजे झुडूप संपलं तरी सावली संपत नाही! वर मोठी पानं आली की खालची खरंच उपाशी मरतील.

"एकाच झाडावर वेगवेगळी पानं म्हणजे रोग" हे तर सोडाच. तुतीच्या एका फांदीवर अखंड आणि खाचांची पानं शेजारीशेजारी असतात, झाड ठणठणीत.

एक मात्र मान्य, जस्त कमी पडलं तरी पानं बारीक येतात. पण तेव्हा ती पिवळट, अरुंद असतात, शेंड्याला गुच्छासारखी दाटतात. तिथंही खुडून जस्त मिळत नाही.

शेंडा खुडला की बाजूला फुटवे येतात हे खरं, पण सगळंच वरचं छत एकदम उतरवलंत तर सावलीत वाढलेली पानं थेट उन्हात येतात, पूर्ण वाढलेल्या पानाला जाड होता येत नाही, ती करपतात, आणि मग त्याच मेसेजवाल्याला विचारायला जाल की पानं का जळाली.