पी-५३ केंद्रकाबाहेर रिकामं बसत नाही

परीक्षेच्या नोट्समध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चित्रांमध्ये पी-५३ या कर्करोगरोधक प्रथिनाची ओळख दोन-तीन वाक्यांत उरकलेली असते. ते जनुकसंचाचं राखणदार आहे. त्याचं सगळं काम पेशीच्या केंद्रकात, डीएनएवर बसून जनुकं चालू करण्याचं. केंद्रकाबाहेर दिसलं, तर ते मोडीत निघालेलं किंवा बिघडलेलं. राखणदाराचं बिरुद डेव्हिड लेन यांनी १९९२ साली दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पुढचं मात्र टिकत नाही.

‘सगळं काम केंद्रकात’ याला १९९४ सालीच तडा गेला. कॅलिफोर्नियात मायकेल कॅरिन यांच्या गटाने पेशींमध्ये नवीन आरएनए आणि प्रथिनं बनणंच औषधांनी बंद पाडलं. जनुक चालू करून काही उपयोग होण्याची सोयच उरली नाही, तरीही पी-५३मुळे पेशी मेल्या. त्या कशा, हे पुढे उलगडलं. २००३ साली उटे मोल यांच्या गटाने दाखवलं की पी-५३ तंतुकणिकेवर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरावर (मायटोकाँड्रियावर), जाऊन बीसीएल-एक्सएल आणि बीसीएल-२ या मृत्यू रोखणाऱ्या प्रथिनांना चिकटतं. पुढच्याच वर्षी डग्लस ग्रीन यांच्या गटाला दिसलं की पेशीद्रव्यातलं, म्हणजे केंद्रकाबाहेरचं, पी-५३ बॅक्स या मृत्यू घडवणाऱ्या प्रथिनाला थेट जागं करतं. बॅक्स तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलाला भोकं पाडतं, आतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येतं, पेशीतली प्रथिनं कापणारी कॅस्पेज विकरं कामाला लागतात आणि पेशीचा निकाल लागतो.

बरं, मारणं एवढंच काम नाही. २००८ साली ग्विडो क्रोमर यांच्या गटाने केंद्रक काढून टाकलेल्या पेशी घेतल्या. त्यांतही पी-५३ला अडवलं की ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवणं, वाढायची. केंद्रकातलं पी-५३ हीच क्रिया वाढवणारी जनुकं चालू करतं. प्रथिन एकच, जागा बदलली की काम उलटं!

‘बाहेर म्हणजे मोडीत’ हेही अर्धवट. एमडीएम-२ हे प्रथिन पी-५३ला युबिक्विटिन या खुणेसारख्या छोट्या प्रथिनाची साखळी लावतं तेव्हा ते मोडीत जातं, हे बरोबर. पण एकच युबिक्विटिन लागलं तर ते केंद्रकाबाहेर पाठवलं जातं.

‘बिघडलेलं’ या शब्दात थोडं तथ्य आहे. काही न्यूरोब्लास्टोमा (चेतापेशींच्या गाठी) आणि स्तनांच्या गाठींमध्ये धडधाकट पी-५३ पेशीद्रव्यात अडकून पडलेलं सापडतं. शिवाय २०११ साली लॉरा अटार्डी यांच्या उंदरांनी दाखवलं की जनुकं चालू करण्याची ताकद पूर्ण गेलेलं पी-५३ गाठी रोखू शकत नाही. म्हणजे बाहेरच्या कामावर एकट्याने भागत नाही. ते भागतं, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमणार नाही.

राहिला केंद्रकवाल्यांचा हुकमी मुद्दा: कर्करोगातली पी-५३च्या जनुकातली बहुतेक उत्परिवर्तनं (बदल) पी-५३च्या डीएनएला धरणाऱ्या भागात असतात, म्हणजे केंद्रकच सर्वस्व. पण बीसीएल-एक्सएलला चिकटतो तोही हाच भाग. एकाच फटक्यात दोन्ही कामं जाऊ शकतात, मग दोष कुठल्या कामाच्या माथी मारायचा?

आणि दोन्ही कामं एकमेकांना धरून चालतात. केंद्रकातलं पी-५३ प्यूमा या प्रथिनाचं जनुक चालू करतं. प्यूमा बाहेर जाऊन बीसीएल-एक्सएलला धरतं, आणि तिथे अडकलेलं पी-५३ बॅक्सकडे जायला मोकळं होतं.