तेलकट म्हणजे मळकट नव्हे
तुमच्या लेखात तैलग्रंथींबद्दल, म्हणजे कातडीत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथींबद्दल, लिहिलंय ना की तेलकट चेहरा म्हणजे अस्वच्छता नाही, ते अगदी पटलं. माझी पोरगी नववीत आहे, सांगलीच्या उन्हातनं क्लासवरनं आली की साबण, परत तासाभरानं साबण, नाकाच्या बाजूची कातडी पांढरी होऊन सोलायला लागली तरी पिंपल्स आहेत तिथंच! मूळ कारण हार्मोन्स, वयात येताना अँड्रोजन नावाचे हार्मोन्स वाढतात आणि ग्रंथी जास्त तेल सोडतात, मग साबण काय करणार. त्या ग्रंथीतली पेशी तेलानं भरते आणि स्वतःच फुटते, तेच तेल कातडीवर येतं, हे वाचून मी थक्कच झालो. तळहात-तळपायाला या ग्रंथीच नसतात, आमच्या आईच्या टाचा बघा, द्राक्षबागेत उभं राहून राहून भेगा, रात्री खोबरेल लावून मोजे घालते.

आणि कृपा करून मेडिकलमधनं विचारून स्टिरॉइडची क्रीम लावू नका, शेजारच्या पोरीचा चेहरा लालभडक झाला. पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्यांनी या तैलग्रंथी आकसतात, अमेरिकेत १९८२ पासून मंजूर आहेत, पण गरोदरपणात बाळाला मोठा धोका, त्यामुळं त्वचेच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या.