वास्तूत बसणारा मासा

परवा रविवारी एका अनोळखी माणसाने माझा मासा माझ्या डोळ्यांदेखत उचलला आणि वर मलाच धीर दिला, "भो, तुम्ही दुसरा मंगाडी ल्या." अजून आठवलं की जेवण उतरत नाही.

आधीचं थोडक्यात. मी जळगावात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे ३४० लिटर. समुद्र तीनशेएक किलोमीटरवर. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा आत २५-२६ अंश टिकवायला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतो, आणि वीज गेली की मी देवाचं नाव घेतो. हे ऐकून लोक ज्या नजरेने बघतात तिची सवय झाली आहे.

टाकीत शेवाळ माजलं म्हणून टँग घ्यायचं ठरलं. दिवसभर दगडांवरचं शेवाळ कुरतडणारा मासा. पण टँग म्हणजे एक मासा नव्हे, मोठं खानदान आहे, आणि चार फुटांत त्यातले फार थोडे बसतात. निळा सगळ्यांना हवा असतो, कारण तो पोरांना कार्टूनमुळे ओळखीचा. वाढला की फूटभर. नासो दीड फूट. तो माझ्या टाकीत वळला तरी शेपूट मागेच राहायची. पावडर ब्लू आपल्याच हिंदी महासागरातला, दिसायला देखणा, पण अंगावर आजाराचे पांढरे ठिपके उठायला निमित्त शोधत असतो. पिवळा आठ इंचांपर्यंत, पण तो मुख्यतः अमेरिकेच्या हवाई बेटांचा. पर्यावरणाचा आढावा न घेता मत्स्यालयांसाठी मासे पकडायचे परवाने देऊ नयेत, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवलं, आणि भाव आमच्या आवाक्याबाहेर गेला. एवढी गाळणी लावून उरला कोले टँग: तपकिरी, अंगभर बारीक रेघा, डोळ्याभोवती पिवळं कडं, जास्तीत जास्त १८ सेंटीमीटर, आणि दात ब्रशसारखे. दिसण्यात विशेष नाही, पण माझ्या घरी तसल्यांनाच जागा आहे.

दुकानदाराला कोलेच आणायला सांगितलं. "ॲडव्हान्स काय घ्यायचा साहेब, तुमचं आमचं नेहमीचं आहे," हे त्याचे शब्द. मुंबईहून रात्रीच्या बसने थर्मोकोलचा खोका आला. त्यात कोले होता, आणि एक निळाही होता. शेपटीजवळच्या पात्याने पिशवी फाडू नये म्हणून दोघंही दुहेरी पिशवीत.

"निळा घ्या ना साहेब. टाकीएवढाच वाढतो."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मासा टाकीएवढा वाढत नाही, टाकीएवढ्यात कोंडून आजारी पडतो आणि मरतो. मग तोच दुकानदार दुसरा विकतो. हा धंदा आहे की काय आहे?

तेवढ्यात स्टुलावर एक अनोळखी तात्या येऊन बसले. पांढरी टोपी, मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी, बोलण्यावरून अमळनेरकडचे. माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "हाऊ खावाना शे का?"

"नाही तात्या, पाळायचा."

"कितलाले?"

मी घरी सांगतो ती किंमत सांगितली, म्हणजे निम्मी.

"इतला पैसाम्हा बोकड येस." मग जरा थांबून, "हाऊ काय करस?"

"शेवाळ खातो."

"बस?"

बस. त्यांना खाऱ्या पाण्याचं सांगितलं. बारा किलो मीठ लागतं म्हटल्यावर त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बारा किलो मीठम्हा आम्हना गावम्हा लगीन व्हई जास!" हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे, समुद्राचं पाणी बनवायचं वेगळं असतं, हे सांगायला गेलो, तर म्हणाले, "खारट लागस ना? मग मीठच शे."

खरी गोष्ट मग कळली. नव्या घराची वास्तुशांती होती आणि घरात मासा हवा, असं कुणीतरी सांगितलेलं. अरोवाना, म्हणजे घराला शुभ मानतात तो महागडा मासा, बघायला आले होते, भाव ऐकून स्टुलावर बसले होते. आता त्यांनी वास्तुवाल्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या पिशवीला चिकटवला. कोले घाबरून कोपऱ्यात.

"डोळा दाखवा," फोनमधून आवाज.

"डोळाले पिवळं कडं शे."

"घ्या. नजर लागणार नाही."

मी चार महासागर धुंडाळून, सेंटीमीटर मोजून, दात तपासून निवडलेला मासा एका माणसाने फोनवर डोळा बघून पास केला.

"तात्या, तुमच्याकडे टाकी आहे का?"

"शे ना. गच्चीवर. हजार लिटरनी."

यावर काय बोलणार? निव्वळ आकारात तात्या माझ्या तिप्पट पुढे. मी सांगून पाहिलं की बोअरच्या गोड्या पाण्यात याच्या अंगात पाणी शिरत जाईल, क्षार निघून जातील, हा फुगून मरेल. तात्या म्हणाले, "देव जगाडी." दुकानदार म्हणाला, "मीठ देतो की सोबत. दोन किलो." हजार लिटरला दोन किलो! पस्तीस लागतात, मूर्खा, असं मी मनात म्हणालो, तोंडाने फक्त "अहो, तो माझा मासा आहे" एवढंच निघालं.

"साहेब, तुमचा ॲडव्हान्स कुठे होता?"

मासा वांग्यांवर बसून अमळनेरला गेला. संध्याकाळी दुकानदाराचाच फोन आला की तात्यांचा मासा गेला, ते भांडायला येणार आहेत, तर "साहेब, तुम्ही येऊन जरा शास्त्रीय भाषेत समजावता का?"

मी गेलो नाही. पण शेवाळ वाढतंच आहे, आणि तालुक्यात दुसरं दुकान नाही. म्हणून काल पूर्ण पैसे आगाऊ भरले. पावती मिळाली. तिच्यावर "मासा, नग १" एवढंच आहे; "कोले" हा शब्द लिहा म्हटलं, तर म्हणाला, "जे येईल ते, साहेब."